शेवटची बारी

सरकारी नोकरीतून निवृत्त होण्याइतकं सोपं काम नाही. आपण काही करायचंच नसतं. ५८ वर्षं पूर्ण होईपर्यंत जिवंत राहिलं की बाकीचं कार्यालय बघतं. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ (आता वेळेशी काही संबंध उरला नाही म्हणून), आणि ‘साहेबांची पोकळी भरून निघणार नाही’ असं गहिवरून सांगणारा तो सहकारी, जो त्याच पोकळीत बसायला दोन वर्षं टपलेला असतो. सगळं आपोआप होतं.

मॅरेथॉनमधून निवृत्त व्हायचं म्हटलं तर यातलं काहीच हाताशी नसतं. नेमणुकीचा आदेश नाही, सेवापुस्तक नाही, वरिष्ठ नाही. अर्ज करायचा तर कोणाच्या नावे? मला पळायला कोणी सांगितलं नव्हतं. बसायला सांगणारे मात्र पुष्कळ होते: बायको, सासरे, हाडांचे डॉक्टर आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत ठामपणे, उजवा गुडघा.

मी शिरूरचा. जुनी माणसं घोडनदी म्हणतात. बाजारपेठेत माझं कृषी सेवा केंद्र आहे आणि पन्नाशी मागे टाकूनही आता बरीच वर्षं झाली. पळण्यात एवढी एकच गोष्ट मी खात्रीने मागे टाकली आहे. यंदाची मुंबई मॅरेथॉन झाली की थांबायचं, असं ठरवलं आणि रात्री जेवताना घरात जाहीर केलं.

बायको भाकरी मोडता मोडता म्हणाली, “सुरू करताना विचारलं होतं का? मग बंद करताना कशाला सांगताय?”

मुलगी पुण्यात नोकरीला आहे. ती फोनवर म्हणाली, “बाबा, मागच्या वर्षीचीपण शेवटचीच होती.”

आमच्या भागात निवृत्तीच्या घोषणेला तसाही भाव राहिलेला नाही. शिरूरला स्वतःच्या नावाचा लोकसभा मतदारसंघ आहे, पण शेजारचा दौंड तालुका बारामती मतदारसंघात येतो, आणि बारामतीची हवा भीमा ओलांडून आमच्याकडे सहज येते. २ मे २०२३ला शरद पवारांनी मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि ५ मेला निर्णय मागे घेतला. तेव्हापासून निवृत्ती हा तीन दिवसांचा कार्यक्रम असतो, अशीच इकडे समजूत आहे. “ही शेवटची,” असं मी दुकानात म्हणालो, तर युरियाला आलेल्या एकाने विचारलं, “माघार कधीपर्यंत आहे, शेठ?”

फरक एवढाच, की तिथे सभागृहभर कार्यकर्ते रडले होते. माझ्या निर्णयाने हळहळला तो एकच माणूस, पुण्यातला बूटवाला.

दुकानातल्या गिऱ्हाइकांनी माझ्या पळण्याकडे नेहमी धंद्याच्या नजरेनेच पाहिलं. लांब पळताना घामावाटे मीठ जातं, ते भरून काढायला क्षारांची पुडी पाण्यात घालून प्यावी लागते. एकदा काउंटरवर मी ती ढवळत असताना पाबळकडचे एक बाबा उभे होते.

“कशाची पावडर?”

“पळताना प्यायची. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम.”

“विद्राव्य?”

“पूर्ण विरघळते.”

“मग एकरी किती?”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी शेजारची जेलची पुडी उचलली. त्यात साखर असते, पळताना पाऊण तासाने एक चोखायची असते, असं मी सांगितलं. त्यांनी किंमत वाचली, पुडी हातावर तोलली आणि म्हणाले, “एवढ्या पैशात १९:१९:१९ येतं की जवळजवळ किलोभर. अन् त्यानं निदान वाढ तरी दिसती.”

दुसरा ठरलेला प्रश्न म्हणजे, “किती मिळतात?” मुंबईला जाऊन ४२ किलोमीटर पळून येणाऱ्या माणसाला काहीतरी मिळत असणारच. मिळत नाहीत, उलट नाव नोंदवायचे पैसे आपणच भरायचे असतात, असं सांगितलं की समोरचा जरा वेळ गप्प बसतो. “म्हणजे पैसे तुम्ही द्यायचे. अन् पळायचंबी तुम्हीच?” असं एका शेतकऱ्याने एकदा नीट खात्री करून घेतली. मग आणखी दोन लिटर औषध उधारीवर नेलं. या माणसाला पैशाची गरज नाही, असा त्याचा सरळ हिशोब असणार.

पळणं म्हणजे काय, हे आमच्या तालुक्याला कळत नाही असं कोणी समजू नये. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर हा बैलगाडा शर्यतींचा मुलूख आहे. यात्रा आली की घाटात पहाटेपासून गर्दी. पुढे घोडी, मागे गाडा, आणि एका गाड्याची बारी बारा-तेरा सेकंदांत संपते. सेकंदाच्या शंभराव्या भागावर भांडणं होतात. असल्या लोकांना मी अभिमानाने सांगायचो, की मला पाच तासांच्या जरासे आत जायचं आहे. “पाच तास?” घाटात आयुष्य घालवलेले एक जण म्हणाले, “एवढ्या वेळात आमची सगळी यात्रा उरकती, कुस्त्यांसकट.”

२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या सात वर्षांत बैलांनी निवृत्ती घेतली नव्हती, ती त्यांना कोर्टाने दिली होती. त्या काळात त्यांना काय वाटलं हे कोणी विचारलं नाही, पण निम्मा तालुका त्यांच्या वतीने मोर्चात उतरला. घाटातली एक पद्धत मात्र मला न्यायाची वाटते. तिथे लाउडस्पीकरवर आधी मालकाचं नाव पुकारतात. मुंबईत माझी वेळ पुकारताना बायकोचं नाव पुकारलं असतं, तर तिचा विरोध एवढा टिकला नसता. खुराक तीच घालते.

तयारी असते ती ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे नेमका गळीत हंगाम. न्हावरा रस्त्यावर सकाळी दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर एका लायनीत चाललेले असतात. त्यांच्यावरची गाणी एवढ्या मोठ्याने लावलेली असतात, की आपल्या कानात वेगळं काही घालायची गरज पडत नाही. त्यांच्याही आधी उठून फडात पोचलेली तोडणीवाली माणसं असतात. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई एकदा माझ्याकडे बघून थांबली. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं, तर मी हे छंद म्हणून करतो असं सांगायला मला जड गेलं असतं.

बाकीचे मात्र विचारतात. आमच्याकडे पोट सुटलेला माणूस रस्त्याने पळताना दिसला, की त्याचे दोनच अर्थ निघतात: एसटी चुकली, किंवा कोणाला तरी दवाखान्यात नेलंय. मोटारसायकली थांबतात. “काय झालं शेठ? गाडी बंद पडली का? बसा, सोडतो.” व्यायाम आहे म्हटलं, तर त्यांना वाटतं भिडेखातर नाही म्हणतोय. एकाने हात धरून बसवलं आणि थेट दुकानासमोर आणून सोडलं. त्या दिवशी घड्याळाने माझा आजवरचा सर्वांत वेगवान किलोमीटर नोंदवला. तो विक्रम अजून त्यात आहे. मी पुसला नाही.

बिबट्याबद्दल विनोद करायची आमच्याकडे सोय राहिलेली नाही. उसात त्याची घरंदारं झाली आहेत आणि इथल्या वाड्यांवर लेकरं गेली आहेत. उजाडल्याशिवाय रस्त्याला पाय लावायचा नाही, एवढंच आम्ही पाळतो. मुंबई-पुण्याचे धावणारे मित्र विचारतात, ‘बिबट्या मागे लागला तर तुझी वेळ सुधारेल ना?’ त्यांना एकदा डिसेंबरात पहाटे पाच वाजता इकडच्या फडाच्या कडेला उभं करायला हवं.

उजाडल्यावर रस्त्यावर भरतीची पोरं येतात. पोलीस भरतीला १६०० मीटर असतात आणि सेकंदावर गुण. ही पोरं असली धावतात, की मी त्यांच्या दिशेने चाललोय की उलट, हेच कळू नये. त्यातल्या एकाने एक दिवस वेग कमी करून चौकशी केली.

“काका, तुमचं वय बसतं का?”

“कशात?”

“भरतीत.”

“नाही रे.”

“मग कशापायी पळताय?”

त्याला उत्तराची घाई नव्हती, पण सेकंदांची होती. तो निघून गेला. पळण्याविषयीच्या पुस्तकांत या प्रश्नावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. इतक्या थोडक्यात तो कुठेच विचारलेला नाही.

निवृत्तीचा सर्वांत पक्का बंदोबस्त मात्र आमच्याच तालुक्यात होऊन गेला आहे. सासुरवाडी दौंडला. तिकडे जाताना वाट थोडी वाकडी केली, की घोड नदीकाठी इनामगाव लागतं. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८पासून पुढे पंधराएक वर्षं इथे उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली: घरं, धान्याची कोठारं, चुली, मातीची भांडी. माणसं मेली की घरातच जमिनीखाली पुरायची. लहान मुलांना रांजणांत, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत. आणि मोठ्या माणसांना पुरण्याआधी त्यांचे पाय घोट्यापासून तोडायचे.

मेलेला माणूस उठून कुठे जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, म्हणून हे करत असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मुलीने शाळेत असताना यावर प्रकल्प केला होता, तेव्हापासून ही माहिती आमच्या घरात आहे आणि मी बूट बांधायला बसलो की ती बाहेर निघते. बायकोला त्या लोकांच्या व्यवहारज्ञानाचं कौतुक आहे. “तिथल्या बायकांनी सुचवलं असणार,” असं तिचं मत. “फक्त त्यांनी फार उशिरा तोडले.”

माझ्या बाजूने इनामगावात एक पुरावा आहे आणि तो मी जपून वापरतो. तिथे एक माणूस चार पायांच्या, पोट फुगलेल्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत सापडला. त्याचे पाय शाबूत होते. तो गावचा कोणी प्रमुख असावा, म्हणून त्याला सूट मिळाली, असं मानतात. वय साधारण चाळीस. त्या काळी हे उतारवयच. म्हणजे आमच्या तालुक्यात उतारवयातल्या माणसाचे पाय राखायची परंपरा आहे, फक्त मान हवा. “मान कुठून आणणार?” बायकोने विचारलं. “अन् रांजणात तरी मावाल का?”

दौंडचे आमचे मामा, म्हणजे सासरे, रेल्वेत गार्ड होते. मनमाड, सोलापूर, पुणे, बारामती अशा चार दिशांच्या गाड्या ज्या गावात फुटतात, तिथे आयुष्य गेल्यामुळे त्यांना माणूस नेमका कुठे चाललाय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. ४२ किलोमीटर हा आकडा ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले. “दौंड सोडलं. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत. यवतच्या पुढं आणि उरुळीच्या अलीकडं.” डोळे उघडले. “तिथं स्टेशनच नाही, जावईबापू.”

“स्टेशन नसलं तरी शर्यत तिथंच संपते, मामा.”

“आउटरला संपते म्हणा की.”

वर आकडा ४२.१९५ आहे म्हटल्यावर तर ते सावरून बसले. हे १९५ मीटर कोणाच्या चुकीने आले? मी सांगितलं: १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून निघून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली, ते अंतर एवढं भरलं, आणि १९२१मध्ये तेच कायम झालं. “म्हणजे साहेब बसलेत तिथवर गाडी पुढं घ्यायची,” मामांना लगेच पटलं. “आमच्याकडंबी तेच होतं. मंत्र्याचा डबा प्लॅटफॉर्मच्या दाराशी आला पाहिजे.”

या मधल्या वर्षांत, म्हणजे १९२०मध्ये, आपला माणूस अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावला. बेळगावचे फडेप्पा चौगुले. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर खेड्यापाड्यांतली माणसं अनवाणी धावताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि हे लोक ऑलिंपिकला गेले पाहिजेत असं त्यांच्या मनाने घेतलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. चौगुले एकोणिसावे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. आणि यातली खरी गंमत अशी, की अंतराचं नक्की व्हायचं होतं, त्यामुळे अँटवर्पला रस्ता ४२.७५ किलोमीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन आपल्या माणसाच्या वाट्याला आली. मी आज सगळी सामग्री अंगावर घेऊन त्याहून अर्धा किलोमीटर कमी पळतो आणि दोन तास जास्त लावतो. यावर मामांचा शेरा: “तुम्ही पॅसेंजर आहात.”

मामांच्या शेजारी राज्य राखीव दलातले एक जमादार राहतात. दौंडला दलाचा मोठा तळ आहे आणि जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे या गावात सकाळी पळणारा माणूस कोणाला नवा नाही, माझ्यासारखा पळणारा असेल. जमादारांनी दोन दिवस मला गेटातून पाहिलं. तिसऱ्या दिवशी अदबीने विचारलं, “सर, हे ‘तेज चल’ आहे का ‘दौड के चल’? नाही, आम्हाला ओळखू आलं नाही.”

पण दौंड तालुक्यात मला खरं गप्प केलं ते एका आजीने. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतला येते, पुढे वरवंडला जाते. यवतला गावकरी साऱ्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी जेवू घालतात. पिठलं अक्षरशः कढयांवर कढया शिजतं. मुलीला घेऊन मी ते बघायला गेलो होतो. अंगात मुंबईचा टीशर्ट होता, पाठीवर मोठा आकडा छापलेला. पंगतीत शेजारी बसलेल्या, परभणीकडून आलेल्या आजींनी तो वाचून घेतला.

“बेचाळीस किलोमीटर? मग मुक्काम कुठं असतो?”

“मुक्काम नाही आजी. संपतं तिथंच.”

“अन् दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी झोपतो.”

आजींनी पिठल्यात भाकरी कुस्करली. देहू ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आणि आळंदी-देहूला पोचायचं ते वेगळं. पायात रबरी चपला. डोक्यावरची तुळस त्यांनी जेवणापुरती खाली ठेवली होती. “किती वर्षं झाली वारीला?” असं विचारलं तर म्हणाल्या, मोजली नाहीत. थांबणार कधी, हे मी विचारलंच नाही. त्यांना प्रश्न समजला नसता.

मुलीने त्याच रात्री मला फौजा सिंगांची माहिती पाठवली. हे गृहस्थ २००० साली लंडनला पहिली मॅरेथॉन धावले तेव्हा त्यांचं वय सांगितलं जात होतं ८९. शंभराव्या वर्षी टोरांटोची पुरी केली. जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनेसने विक्रम नाकारला. याबद्दल मला त्यांच्याविषयी फार जवळीक वाटते, तलाठी कार्यालयाचा अनुभव असलेल्या कोणालाही वाटेल. २०१३मध्ये हाँगकाँगला दहा किलोमीटर धावून, १०१व्या वर्षी, त्यांनी निवृत्ती जाहीर केली. मुलीने खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘म्हणजे बाबा, तुम्हाला अजून सुरू करायला तीसेक वर्षं आहेत.’

जानेवारीचा तिसरा रविवार. मुंबई मॅरेथॉन २००४मध्ये सुरू झाली आणि आता ती याच सुमाराला होते. नेमकी संक्रांत नुकतीच झालेली असते. शर्यतीआधी पिष्टमय खावं, असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे ते पारगावच्या गुऱ्हाळातल्या गुळाच्या पोळीवर तुपाची धार सोडून पाळलं गेलं. पहाटे अंधारात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसं एका जागी उड्या मारत होती. माझ्या शेजारच्या तरुणाने विचारलं, “अंकल, पहिली की काय?” मी म्हणालो, “शेवटची.” तो एकदम गंभीर झाला. “सब ठीक है ना?” असं विचारून त्याने मला स्वतःजवळचं एक केळं दिलं.

पहिले वीस किलोमीटर सगळेच चांगले धावतात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. सागरी सेतूवर वारा असतो, लोक फोटो काढतात, आपलं वय कोणी विचारत नाही. शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरला संपते, असं म्हणतात. माझी त्याच्या आधीच संपली. ज्याच्या तालुक्यात घोडगंगा कारखाना आणि शेजारच्या तालुक्यात भीमा-पाटस, असा साखरपट्ट्यातला माणूस भर मुंबईत साखरेवाचून उभा राहिला. जेल होतं, ते चोखलं. पाबळचे बाबा आठवले. वाढ दिसली नाही.

मग परतीचा पेडर रोड. चढ तसा फार नाही. गाडीतून जाताना कळतही नाही. पण ३५ किलोमीटर झाल्यावर तो येतो, आणि समोर आमच्या बैलगाड्याचा घाट उभा आहे असं वाटतं. फरक असा, की इथे घोडी पुढे नाही आणि मालकीण शिरूरला टीव्हीसमोर बसलेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. घराघरांतून आणलेल्या संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, कोणी पाठीवर बर्फ ठेवतं. नंबराच्या कागदावर नाव छापलेलं असतं, ते वाचून अनोळखी बाया ‘कम ऑन, यू कॅन डू इट!’ असं ओरडतात. माझ्या स्वतःच्या आळीत मला एवढ्या मोठ्याने नावाने हाक मारणारा फक्त पतसंस्थेचा वसुली अधिकारी आहे.

अशा वेळी बारामतीच्या लता करे यांची आठवण काढायची असते. नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, साठीच्या वयात त्या बारामतीच्या शर्यतीत धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात जिंकल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यांना आठवून माझे पाय हलके झाले, असं इथे लिहिता आलं असतं. झाले नाहीत. त्यांच्याकडे धावायला कारण होतं आणि ते फार वाईट कारण होतं. माझ्याकडे नुसते महाग बूट होते. मी चढ चालत चढलो. मला त्या भरतीच्या पोराचा प्रश्न जास्त आठवत होता आणि तिथे, दम लागलेला असताना, मला वाटतं मी उत्तराच्या बराच जवळ गेलो होतो. पण तेवढ्यात कोणीतरी चिक्की दिली.

पोचलो. पाच तासांच्या आत नाही, बाहेर. पदक गळ्यात पडलं. फोन केला तर बायको म्हणाली, “दिसला नाहीत.” टीव्हीवर पहिले आलेले इथिओपियाचे लोक दाखवले, ते सकाळीच आंघोळी करून बसले होते म्हणे. मग आवाज जरा खाली आणून विचारलं, “गुडघा आहे ना?”

आहे.

शिरूरला आलो, तर चौकात फ्लेक्स. ‘मॅरेथॉन सम्राट यांच्या निवृत्तीनिमित्त भव्य नागरी सत्कार’. आमच्या गल्लीतल्या एका तरुण कार्यकर्त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. वर ओळीने नेत्यांचे फोटो, खाली शुभेच्छुकांचे आणि मधे मी. डोकं माझं, दुकानाच्या परवान्यावरच्या फोटोतून कापलेलं. धड आणि पाय कोणातरी केनियन धावपटूचे. बायको बराच वेळ बघत उभी राहिली. “पाय बरे आहेत,” म्हणाली. “तुमचे असते तर हे सगळं पूर्वीच थांबलं असतं. पहिला नंबर येऊन.”

सत्काराला मामा दौंडहून आले. येताना त्यांनी पिशवीतून झेंडूचा मोठा हार आणला होता. रेल्वेत शेवटच्या फेरीला इंजिनाला घालतात तसला. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात मी शिरूरहून मुंबईपर्यंत पळत गेल्याचं सांगितलं आणि वाटेत रांजणगावला महागणपतीचं दर्शन घेतल्याचीही भर घातली. शिक्रापूर ते वाघोली या टप्प्यात पायी माणूस गाडीच्या आधी पोचतो हे सगळ्यांनाच ठाऊक असल्यामुळे कोणी शंका घेतली नाही. मग पाहुणे म्हणाले, “शेठची ही निवृत्ती आपल्याला मान्य आहे का?” मागून चार पोरं ओरडली, “नाही!” त्यातली दोन भरतीवाली होती. “मग पुढच्या वर्षी आपण शिरूर ते दौंड भव्य मॅरेथॉन घेऊ, आणि तिची सुरुवात शेठ करतील, पळून!”

टाळ्या झाल्या. मामा खुर्चीतून उठले. “अंतर मोजलंय का? बेचाळीसच्या वर जातंय ते.”

“अंतराचा प्रश्न आपण शासनदरबारी मांडू,” पाहुणे म्हणाले.

पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. कार्यकर्ता दुसऱ्या दिवशी दुकानात आला तो बिल घेऊन. फ्लेक्स, शाल, श्रीफळ, मांडव, लाउडस्पीकर, पाहुण्यांचं चहापाणी. बेरीज त्याने आधीच केलेली होती, आणि ती पैशासकट त्याच्याकडून मला येणं असलेल्या खताच्या उधारीएवढी होती. “फिटंफाट, शेठ,” तो म्हणाला. मी वहीत त्याचं नाव खोडलं. तेव्हा त्याने पान उलटून दिलं आणि युरियाच्या दोन गोण्या नव्याने लिहायला सांगितल्या.